डिसेंबरातला कूलर

कूलर आवरण्याचा मान आमच्या घरात माझा आहे. अमरावतीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना या मानाचं मोल सांगायला नको. मार्चअखेरीस खिडकीत बसवलेलं ते पत्र्याचं धूड जुलैतल्या एखाद्या रविवारी दुपारी बंद करायचं, टाकीतलं हिरवं पाणी उपसायचं, गवताच्या ताट्या झटकून वाळत घालायच्या आणि जुन्या चादरीत गुंडाळून त्याला मागच्या खोलीत निजवायचं. चार महिने तो घरात घोंघावत असतो. चार महिने आम्ही नवराबायको एकमेकांशी ओरडून बोलतो आणि शेजाऱ्यांना वाटतं, भांडण चाललंय. अधूनमधून त्यांचा अंदाज बरोबरही असतो.

तर तीनेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी मी बटण बंद केलं. पाती फिरत फिरत थांबली. आवाज मात्र थांबला नाही. पंखा गेला, पाण्याची टपटप गेली, आणि मागे एक बारीक, टोकदार सूंऽऽऽ राहिला. सुईच्या टोकाला आवाज असता तर तो असाच असता.

"अवं, पंप चालूच हाय," मी बायकोला म्हणालो.

तिने वायर माझ्या नाकासमोर धरली. प्लग तिच्या हातात होता.

"मंग हे काय वाजून राह्यलं?"

"काय वाजून राह्यलं?"

"हेच. सूंऽऽ."

तिने मान तिरकी करून ऐकलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती भाजीवाल्याने जुनी मेथी पुढे केल्यावर पाहते. "तुमी आधी ती टाकी उपसा," ती म्हणाली.

मी टाकी उपसली. पण माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट वाजते आहे म्हटल्यावर ती कुठे वाजते हे शोधल्याशिवाय मला घास उतरत नाही. फ्रीज बंद केला. मीटरला कान लावला. शेवटी गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी आहे, तिच्यावर माझा संशय पक्का झाला. मी वीज कार्यालयात रीतसर अर्ज दिला. 'सदर डीपीमधून अहोरात्र शिट्टीसारखा आवाज येत असून परिसरातील नागरिक त्रस्त आहेत.' परिसरातील नागरिक म्हणजे मी.

चार दिवसांनी लाइनमन आला. सकाळची अकराची वेळ. मी त्याला हाताला धरून डीपीखाली नेलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या, दोघं-चौघं रिकामे पुरुष जमले. मला तर गर्दी दिसली की चेवच येतो.

"आयका," मी हात वर करून म्हणालो. "आत्ता. हा पाहा, आला. गेला का? नाही गेला. हाच तो."

लाइनमन टोपी काढून ऐकत होता. त्याने आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, तुमाले आत्ता आवाज येऊन राह्यला?"

"म्हंजे काय! कानठळ्या बसून राह्यल्या."

"सकाळी नऊपासून लाइन बंद हाय, बाप्पा. तिकडं फीडरवर काम चालू हाय. या डीपीत आत्ता करंटच नाही."

गल्ली हसली. मी आयुष्यभर लोकांना हसवलं, पण इतकं एका दमात, इतकं मनापासून हसणं मला क्वचितच मिळालं असेल. मीही हसलो. घरी येऊन पलंगावर बसलो तेव्हा मात्र हसू गेलं. कारण तो आवाज माझ्याबरोबर घरात आला होता. तो डीपीत नव्हता, पंपात नव्हता. तो माझ्यात होता.

आता मी कोण, ते सांगतो. पोटासाठी मी जिनिंगमध्ये ग्रेडर. शेतकऱ्याने आणलेला कापूस चिमटीत धरून धागा ओढायचा, पाहायचा आणि दर्जा सांगायचा. मग तोच कापूस रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, रांगेत जातो, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्या रेच्यांच्या घरघराटात मी सत्तावीस हंगाम काढले. पण हे झालं पोटाचं. खरा मी रविवारी असतो. मी गोष्टी सांगतो. वऱ्हाडी बोलीत, एकटा, उभ्याने. शाळेचं गॅदरिंग, जयंतीचा आठवडा, कोणाची सेवानिवृत्ती, जिथे बोलावतील तिथे. मोझरीच्या रस्त्यावरच्या गावांपासून पातूरपर्यंत लोक मला 'जीपवाले' म्हणून ओळखतात, कारण माझी जीपची गोष्ट.

ती गोष्ट तुम्हाला माहीत असली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. धारणीच्या बाजाराची जीप. नऊ माणसांच्या जीपमध्ये चोवीस बसतात. मी एकेकाला बसवत जातो. गुरुजी, त्यांची पिशवी, पिशवीतली कोंबडी, कोंबडीवर रागावलेली आजी, टपावर दोघे, मागे लोंबकळणारे चौघे. प्रत्येकाला 'सरका जी, सरका' म्हणत जागा करून देतो. दहा मिनिटं हे चालतं. शेवटी दार लागतं, जीप निघते, घाट उतरायला लागते. आणि तेव्हा पुढे बसलेले गुरुजी हळूच विचारतात, "बाप्पा, गाडी कोन चालवून राह्यलं?"

इथे मी थांबतो.

काही बोलत नाही, हात हलवत नाही. फक्त डोळ्यांनी जीपभर पाहतो. मनातल्या मनात एक, दोन, तीन, चार. या चार आकड्यांत समोरचा प्रत्येक माणूस त्या जीपमध्ये बसलेला असतो आणि घाट उतरत असतो. मग सगळ्यात मागून आजीचा आवाज येतो, "डायवर तं हा काय, माह्या मांडीवर बसला हाय!"

बस. एवढीच गोष्ट. पण त्या चार आकड्यांसाठी मी वीस वर्षं घासलो होतो. तीन मोजले तर हशा अर्धा येतो. पाच मोजायची माझी हिंमत झाली नव्हती.

आणि शिट्टी आली ती नेमकी त्या चार आकड्यांत येऊन बसली.

पहिल्यांदा कळलं ते विहारात. रविवारी वंदना झाली की आम्ही काही वेळ डोळे मिटून शांत बसतो, श्वासाकडे लक्ष देतो. लहानपणापासून बसत आलो आहे. त्या रविवारी सगळे शांत झाले आणि माझ्या डोक्यात जिनिंगच सुरू झालं. मी डोळे उघडून बाकीच्यांकडे पाहिलं. कोणाला काही ऐकू येत नव्हतं. किती सुखात बसले होते लेकाचे! त्यानंतर मी वंदना झाली की चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर सटकू लागलो.

मग नोव्हेंबरात एका शाळेच्या गॅदरिंगला जीपची गोष्ट सांगितली. चोवीस माणसं बसवली, पोरं खूश, मास्तर खूश. गुरुजींनी विचारलं, गाडी कोण चालवतंय. मी थांबलो. एक... आणि सूंऽऽऽ. मोकळ्या जागेत तो असा फुगला की मला दुसरा आकडा सापडेना. मी घाबरलो. तोंडातून भलतंच निघालं, "तर मंडळी, मंग काय झालं, आयका बरं का, मंग काय झालं..." आणि आजीचं वाक्य त्या बडबडीत पडून मेलं. चार-दोन पोरं हसली, तीही माझ्या केविलवाण्या चेहऱ्याला. पुढच्या दोन कार्यक्रमांत तेच. घरी येऊन मी जाहीर केलं की आता गोष्टी बंद. गळा बसतो म्हणून सांगायचं लोकांना.

बायको म्हणाली, "गळा? तुमचा गळा बसला तं मी पेढे वाटीन."

दरम्यान उपाय चालले होतेच. लसूण टाकून कोमट केलेलं तेल कानात घातलं. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी एका पायावर उभं राहून नाक दाबून फुंकर मारली. हा पाय डावा की उजवा यावर दोन शेजाऱ्यांत वाद झाला. शिट्टीला काही फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी मला आठवलं की चार महिने, मार्च ते जुलै, मला शिट्टी ऐकू आली नव्हती. का? कारण कूलर.

मी मागच्या खोलीत गेलो, चादर काढली, धूड ओढत आणलं आणि खिडकीत बसवलं. महिना डिसेंबर. बटण दाबलं. घर्रर्र! आणि शिट्टी गायब. मला इतका आनंद झाला की मी पत्र्यावर थाप मारून त्याला शाबासकी दिली.

दहा दिवस आमच्या घरात कूलर चालला. मी स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्यात कानटोपी घालून त्याच्यासमोर बसायचो. ताटात वाढलेली भाजी तोंडापर्यंत जाईस्तोवर गार व्हायची. बायको स्वयंपाकघराचं दार लावून गॅसच्या उबेला बसायची आणि तिथून ओरडायची, "अहो, मी माहेरी जाऊ का हिमालयात जाऊ, तेवढं सांगा!" कूलर बंद केला की मात्र शिट्टी आधीपेक्षा मोठी होऊन यायची. म्हणून मी तो बंद करेनासा झालो. काम नसेल तेव्हा त्याच्या पुढ्यातून हलेनासा झालो. गंमत म्हणून सांगतो आहे, पण त्या दहा दिवसांत जिनिंगमधलं कामापुरतं सोडलं तर मी घराबाहेरच्या एकाही माणसाशी बोललो नव्हतो. मी! ज्याला डीपीखालीही श्रोते लागतात, तो.

अशा अवस्थेत मला माझ्या थोरल्या बहिणीने पकडलं. ताई अकोल्याला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. रविवारी दुपारी ती न कळवता आली, दारात उभी राहिली आणि तिने हे दृश्य पाहिलं. ती मला बापू म्हणते.

"काहून रे बापू, डोकं फिरलं का तुह्यं?"

मी कूलरच्या आवाजात ओरडून म्हणालो, "बस ना ताई!"

तिने आधी प्लग काढला. मग बसली. बायकोने सगळं सांगितलं, माझ्या बाजूचंही तिनेच सांगितलं, कारण शिट्टी परत आली होती आणि मला बोलायचा धीर नव्हता. ताईने ऐकून घेतलं. कानामागचे केस बाजूला करून तिने मला तिच्या कानातलं मशीन दाखवलं. दोन वर्षांपासून ती ते लावत होती आणि मला, सख्ख्या भावाला, पत्ता नव्हता.

"फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मी रिटायर होऊन राह्यली," ती म्हणाली. "समारंभ हाय. तू जीपची गोष्ट सांगशील."

"ताई, मी गोष्टी सोडल्या."

"मी इचारलं का तुले?"

तिच्यापुढे माझं कधीच चाललेलं नाही. पण त्या दिवशी ती उठून गेल्यावर मी स्वतःशी एक ठरवलं. बाईने छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. तिच्या शेवटच्या दिवशी तिच्या भावाने स्टेजवर बडबड करून हसं करून घ्यायचं नाही. एकतर चार आकडे मोजायचे, नाहीतर तोंड उघडायचं नाही. अडीच महिने हातात होते. मी कूलर चादरीत गुंडाळला.

कान दाखवल्याशिवाय स्टेजवर यायचं नाही, अशी अट ताईने जाताना घातली होती, म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कान तपासले, मळ काढला, लसणाचा एक तुकडाही काढला आणि तो चिमट्यात धरून माझ्याकडे बघत राहिले. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण ऐकण्याची नीट तपासणी करून घ्या. मग मी आणि बायको एसटीने अकोल्याला, ताईला मशीन बसवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे.

माझी कल्पना होती की चष्मेवाला, पांढऱ्या केसांचा म्हातारा असेल. निघाली आमच्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने पहिल्यांदा अर्धा तास नुसतं विचारलं. कधीपासून, कोणत्या कानात जास्त, काम काय, रेच्यांजवळ किती वेळ, कानाला काही लावता का. मी म्हटलं, कानाला फोन लावतो. ती हसली नाही, लिहून घेतलं.

मग एका जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवून तिने कानावर हेडफोन ठेवले आणि हातात बटण दिलं. "तुटक टुक-टुक आवाज येतील. कितीही बारीक ऐकू आला तरी दाबायचं."

सुरुवातीला छान चाललं. मग आवाज बारीक झाले आणि नंतर माझ्या शिट्टीशिवाय काही ऐकू येईना. पण मी कलावंत माणूस. इतक्या वेळात तिची लय माझ्या ध्यानात आली होती. साधारण तीन-चार सेकंदांनी एक आवाज. मी लयीत दाबत गेलो. काचेपलीकडे ती मुलगी पाहत होती, म्हणून चेहऱ्यावर ऐकल्याचे भावही आणत होतो. वा, हा छान आला, असे.

दार उघडलं. "काका, गेलं अर्धं मिनिट मी काहीच वाजवलं नाही. तुम्ही आठ वेळा बटण दाबलंत."

काचेमागे बायकोने कपाळावर हात मारलेला मला दिसला.

"इथं पास-नापास नसते काका," ती मुलगी म्हणाली. "खरं दाबलं तर मला तुमच्यासाठी काही करता येईल."

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी खरं दाबलं, आणि खरं दाबणं म्हणजे बराच वेळ काही न दाबता बसून राहणं. त्या खोलीत बसून मला कळत गेलं की जग माझ्या बाजूने किती रिकामं झालंय. कागदावर तिने आलेख दाखवला. जाड आवाजांपाशी रेघ सरळ, बारीक आवाजांकडे गेली की घाट उतरल्यासारखी खाली. रेच्यांनी सत्तावीस हंगामांत तेवढा भाग खाल्ला होता.

"आता तुमची शिट्टी शोधू," ती म्हणाली आणि एकेक आवाज लावू लागली. असा आहे का? याहून बारीक? असा? मी सुरांतला माणूस नाही, पण या एका सुराचा मी जाणकार होतो. नाही, जरा वर. अजून. थोडा खाली. आणि मग तो आला. हुबेहूब. बाहेरून.

"हाच!" मी खुर्चीतून उठलोच. "हाच तो हरामखोर!"

हेडफोनची वायर ताणली गेली. मुलगीही आता हसत होती. मी म्हटलं, हे हिला ऐकवा. बायकोच्या कानावर हेडफोन ठेवले, तोच आवाज तितकाच लावला. आमची बायको एका क्षणात उत्तर देणारी. पण आता बराच वेळ ऐकत राहिली. मग हेडफोन काढून म्हणाली, "हे... सारखं? आत्ताही?"

"आत्ताही."

"अन् मी तुमाले टाकी उपसायला लावली," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायच्या ऐवजी तिने माझं नाक पुसलं, कारण ते वाहत होतं.

त्या मुलीने मग समजावून सांगितलं. याला टिनिटस म्हणतात, कर्णनाद. कानाकडून बारीक आवाज येईनासे झाले की मेंदू ते शोधायला स्वतःचा आवाज वाढवतो. हे मला लगेच पटलं. माइकवर कोणी बोलत नसताना ऑपरेटरने बटण पिळलं की स्पीकर स्वतःच सूं करतो, ते मी शंभर स्टेजवर ऐकलं आहे. शिट्टी पुसून टाकणारी गोळी नाही, असंही तिने सरळ सांगितलं. मी खट्टू झालो. तेव्हा तिने विचारलं, "शेतात जागलीला कधी गेलात?"

पिकात डुक्कर शिरू नये म्हणून मचाणावर राखण करायची, ती जागल. गेलो होतो की, तरुणपणी.

"नवा जागल्या काय करतो? पान हललं तरी उठून दगड मारतो. महिन्याने तोच माणूस सशाच्या खुसफुसीत झोपतो आणि फक्त डुक्कर आलं की उठतो. पान तेवढंच वाजतं. त्याला कळलेलं असतं की त्यात काही नाही. तुमचा मेंदू सध्या नवा जागल्या आहे. त्याला आपण जुना करू. वेळ लागेल."

"अन् कूलर?" बायकोने विचारलं. तिला तो मुद्दा सोडायचा नव्हता.

डिसेंबरचा किस्सा ऐकून मुलगी पहिल्यांदा मोकळी हसली. मग म्हणाली, "कल्पना वाईट नव्हती काका. पण तुम्ही शिट्टी पुरून टाकत होता. पुरलेल्या वस्तूची ओळख कशी होणार? आवाज ठेवायचा, पण तिच्याहून जरा खाली. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. आणि मला सांगा, या शिट्टीमुळे तुमचं नेमकं काय अडलंय?"

मी चार आकडे सांगितले. ती म्हणाली, गोष्ट सांगा. तिच्या टेबलासमोर उभा राहून मी चोवीस माणसं बसवली, घाटात आलो, थांबलो, आणि दुसऱ्या आकड्याला बडबडलो. तिने कागदावर वर लिहिलं, 'ध्येय'. शिट्टी घालवणे, असं तिने लिहिलं नाही. 'चार आकडे', असं लिहिलं.

दोन्ही कानांना मशिनं बसली. ती लावून बाहेर रस्त्यावर आलो आणि दचकलो. पिशवीतल्या प्लास्टिकला आवाज होता. बायकोच्या बांगड्यांना होता. बांगड्या वाजतात हे मी विसरलो होतो! त्या मशिनांतच एक मंद आवाज भरून दिला होता, दूर कुठेतरी पाणी वाहत असल्यासारखा. आणि जिनिंगमध्ये कानांवर जाड कप लावायचे, विचारायचं नाही. मी दुसऱ्या दिवशी ते लावून रेच्यांत गेलो तेव्हा मला वैमानिक ठरवून हमाल म्हणाले, "साहेब इमान चालवून राह्यले!" महिन्याभरात त्यांतल्या दोघांनी ते स्वतःसाठी मागून घेतले.

पण खरी मेहनत घरात. रोज सकाळी चहानंतर, मशिनं लावून, मंद आवाजाच्या सोबतीने काही मिनिटं नुसतं बसायचं. शिट्टीशी भांडायचं नाही, तिची चौकशी करायची नाही. 'आहे का, गेली का' हे दिवसातून शंभरदा कान देऊन पाहायची मला सवय लागली होती, ती तोडायची. बायकोने नियम काढला की मी तो प्रश्न विचारला तर संध्याकाळची भांडी मी घासायची. पहिल्या आठवड्यात मी सातही दिवस भांडी घासली.

मग गोष्ट. रोज स्वयंपाकघरात. ती भाकरी थापायची आणि मी दारात उभा राहून धारणीची जीप भरायचो. घाटात थांबलो की ती पिठाच्या हाताने बोटं वर करायची. एक. बहुतेक दिवस एकावरच मी बडबडायचो. ती बोट खाली करून म्हणायची, "उतरा. पुन्हा भरा गाडी." पुन्हा गुरुजी, पुन्हा कोंबडी. ती गोष्ट तिने तेव्हा साठ-सत्तर वेळा ऐकली असेल आणि एकदाही हसली नाही. हसले तर तुमी लवकर सुटाल, म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात सगळं उलटं फिरलं. हंगाम जोरात, सर्दी झाली, शिट्टी दुप्पट. मी मशिनं काढून कपाटात टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन कूलरची चादर काढायला लागलो. बायको दारात उभी राहिली. अडवलं नाही. अकोल्याला फोन लावून तिने तो माझ्या हातात दिला. त्या मुलीने सर्दीत असं होतं हे सांगितलं, येत्या शनिवारी बोलावून मशीन थोडं बदलून दिलं, आणि विचारलं, "किती आकड्यांपर्यंत आलात?"

"दोन."

"डिसेंबरात किती होते?"

जेमतेम एक. मी परत चादर घातली.

फेब्रुवारीच्या मध्यावर तीन झाले. विहारात मी चप्पल शोधायला उठलो नाही. शिट्टी होती, पण शेजारच्या बाबांच्या श्वासाची घरघरही होती, दोन्ही ऐकत बसलो. समारंभाच्या आदल्या दिवशीपर्यंत चार मात्र एकदाही झाले नव्हते.

शाळेच्या पटांगणात मांडव. दुपारची वेळ. ताई नव्या साडीत खुर्चीवर, तिच्यासमोर तिचे जुने विद्यार्थी. काही तर स्वतः मास्तर झालेले, टक्कल पडलेले. बायको पहिल्या रांगेत. भाषणं झाली, आणि मला पुकारलं. माइकपाशी जाताना मी ताईकडे पाहिलं. तिने आपल्या कानामागे हात नेऊन मशीन नीट केलं. ऐकायच्या तयारीत.

मी जीप भरली. गुरुजी बसले, कोंबडी बसली, आजी रागावली. लोक हसत होते, पण मी हशाकडे लक्ष देत नव्हतो. मला घाट दिसत होता. दार लागलं. जीप निघाली. गुरुजींनी हळूच विचारलं, "बाप्पा, गाडी कोन चालवून राह्यलं?"

मी थांबलो.

एक. आणि ती आली, ठरल्याप्रमाणे, सूंऽऽऽ करत. घशात शब्द आले. मी ते गिळले. ये बाई, म्हटलं, चोवीस बसलेत, पंचविसावी तू. सरका जी, सरका. पहिल्या रांगेत बायकोने दुसरं बोट वर केलं. मी लोकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवू लागलो. तीन. तिसऱ्या रांगेतल्या म्हातारीने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, घाटात धरतात तशी. चार. आता बोलायचं. पण सगळा मांडव जीपमध्ये बसलेला होता, आणि मला वाटलं, बसू दे की अजून जरा. पाच. बायकोची एका हाताची बोटं संपली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने भुवया उंचावल्या आणि दुसरा हात वर केला.

सहा.

"डायवर तं हा काय, माह्या मांडीवर बसला हाय!"

हशा कसा आला ते मी सांगणार नाही, माझंच कौतुक होईल. एवढंच सांगतो की ताईने हसता हसता दोन्ही कानांची मशिनं हाताने झाकली, आणि इतके दिवस न हसलेली आमची बायको खुर्चीत वाकून दुहेरी झाली होती.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर गेल्यावर तिने विचारलं. तिचाच नियम तिनेच मोडला.

"वाजत होती का तवा?"

"हो."

"लय?"

"होती तेवढीच."

"मंग?"

"मंग काय," मी म्हणालो. "मागं बसली होती. गाडी मीच चालवून राह्यलो होतो."

तिने खिडकीबाहेर पाहत थोडा विचार केला. मग म्हणाली, "आज भांडी माह्याकडं."